पोळ्याच्या झडत्या: यवतमाळच्या आखरावरचा आवाज अभ्यासक कसा ऐकतात?

पोळा जवळ आला की विदर्भातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या आहेत. एक जण हात वर करून, यमक जुळवत, मोठ्या आवाजात काहीतरी म्हणतोय आणि शेवटी सगळा जमाव ‘हर हर महादेव’ म्हणून साथ देतोय. टोला कधी कापसाच्या भावावर असतो, कधी पुढाऱ्यावर. आपण हसतो आणि पुढे पाठवतो.

हीच झडती. पण व्हिडिओतला माणूस कोण, गाव कोणतं, झडती त्यानं स्वतः रचली की वडिलांकडून शिकली, हे त्या व्हिडिओवरून बहुतेक वेळा कळत नाही. आवाज आणि लोककलांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मात्र हीच माहिती फार मोलाची असते. का, ते समजून घेऊ.

झडती म्हणजे काय?

झडती म्हटलं की एरवी पोलिसांची झडती आठवते. विदर्भात मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर म्हणायची यमकबद्ध रचना. ओळी छोट्या, चाल ठेक्याची आणि आवाज चढा. झडती गाणं आणि बोलणं यांच्या मधोमध कुठेतरी बसते. ती सुरात गायली जात नाही, पण साधं बोलणंही नसते. यवतमाळ, वर्धा, अमरावती, नागपूर अशा जिल्ह्यांत ही पद्धत आजही दिसते.

आखरावर काय घडतं?

श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी खांदशेकणी होते. वर्षभर जू ओढून थकलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून शेकले जातात आणि बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण दिलं जातं. पोळ्याच्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल चढवतात.

दुपारनंतर सगळ्या जोड्या वाजतगाजत गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आखरावर येतात. तिथे आंब्याच्या पानांचं लांब तोरण बांधलेलं असतं. जोड्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. एकाची संपली की दुसरा पुढे येतो. कधी एकानं टाकलेल्या टोल्याला दुसरा झडतीतूनच उत्तर देतो. मग गावातला मानकरी तोरण तोडतो आणि ‘पोळा फुटतो’. त्यानंतर बैल घरोघरी नेले जातात, त्यांची पूजा होते आणि बैल आणणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे पैसे, ठेवले जातात.

झडतीत असतं काय?

सुरुवातीला देवाचं नमन, महादेव-पार्वतीचं नाव आणि बैलांचं कौतुक असतं. बैल हा महादेवाचा नंदी, म्हणून शेवटचा गजरही त्याच्याच नावाचा. या दोन टोकांच्या मध्ये मात्र म्हणणाऱ्याला मोकळं रान असतं. पुराणातली कोडी येतात, गावातल्या गमती येतात, शेजाऱ्याची थट्टा येते. आणि यवतमाळ हा कापसाचा जिल्हा असल्यामुळे भाव, कर्ज, पाऊस, बियाणं आणि सरकार हे विषय येतातच.

यातलं कर्ज हा यवतमाळमध्ये हलका विषय नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारनं विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत यवतमाळ होतं. एरवी बँकेच्या रांगेत किंवा बाजार समितीत जे तोंडावर आणणं अवघड, ते पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर यमकात म्हणता येतं. ऐकणाऱ्यांत पाटील असतो, सावकार असतो, कधी पुढारीही असतो. सणाच्या दिवशी टोला सहन करायचा, हा अलिखित नियम सगळे पाळतात.

अशी सणापुरती मोकळीक जगात इतरत्रही दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या बडग्यांवर चालू घडामोडींचे टोमणे लिहिलेले असतात. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादमध्ये कार्निव्हलच्या हंगामात कॅलिप्सो गायक राज्यकर्त्यांची खिल्ली उडवतात.

कागदावर उतरवली की काय सुटतं?

मराठीत लोकसाहित्याचा अभ्यास जुना आहे. दुर्गा भागवतांचं ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ मध्ये आलं. सरोजिनी बाबर आणि प्रभाकर मांडे यांनी या क्षेत्रात मोठं काम केलं. सुरुवातीच्या संकलनांत भर होता शब्दांवर: गाणं ऐकायचं, लिहून घ्यायचं, छापायचं.

झडती अशी छापली तर ती साध्या यमकासारखी दिसते. टोला मारण्याआधीचा क्षणभराचा थांबा, गर्दीचा हशा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, ज्याच्यावर टोला आहे तो समोरच उभा असणं, हे सगळं कागदावरून निसटतं. संगीतज्ञ अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी लोकसंगीताकडे स्वतंत्र शास्त्राचा विषय म्हणून पाहिलं. लोकसंगीताला कलासंगीताची फूटपट्टी लावू नये, त्याचे निकष त्याच्या समाजजीवनातून शोधावेत, ही त्यांची दिशा होती.

अमेरिकेतले लोकसाहित्याचे अभ्यासक रिचर्ड बॉमन यांनी १९७७ मध्ये ‘व्हर्बल आर्ट ॲज परफॉर्मन्स’ या पुस्तकात असाच मुद्दा मांडला. बोलीतली कला म्हणजे फक्त मजकूर नाही, ती सादर करण्याची घटना आहे. सादर करणारा लोकांसमोर आपल्या कौशल्याची जबाबदारी घेतो आणि लोक त्याची पारख करतात. झडतीला हे नेमकं लागू पडतं. ती जमली की नाही, हे आखरावरची गर्दी जागच्या जागी ठरवते.

म्हणून आजचा अभ्यासक शब्दांबरोबर आणखी प्रश्न विचारतो. कोण म्हणतंय? कोणासमोर? कोणत्या वर्षी? आधी कोणी काय म्हटलं होतं? आणि कोण म्हणत नाही? हा शेवटचा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण आखरावरचा आवाज मुख्यतः पुरुषांचा असतो. विदर्भातल्या बायकांचा आवाज ऐकायचा तर भुलाबाईच्या गाण्यांकडे आणि जात्यावरच्या ओव्यांकडे जावं लागतं.

ओव्यांनी घालून दिलेला धडा

नोंद नीट ठेवली तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण ओव्यांचंच आहे. १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हा साठा एक लाखाच्या वर गेला. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागानं त्यातल्या अनेक ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून ‘पारी’नं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, या ओव्या इंटरनेटवर प्रसिद्ध केल्या.

या संग्रहाचं बळ फक्त आकड्यात नाही. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे. त्यामुळे एकच विषय वेगवेगळ्या गावांत कसा गायला गेला, याची तुलना करता येते. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं आणि त्याबरोबर गाण्याचं निमित्तही गेलं. नोंदी मात्र राहिल्या.

झडतीची घाई का?

झडतीचं निमित्त बैल आहे आणि बैल कमी होत आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. नांगरणी ट्रॅक्टरवर गेली की दावणीची जोडी विकली जाते आणि आखरावरची रांग आखूड होते.

शिवाय यवतमाळ हा एकाच बोलीचा जिल्हा नाही. वणीची बाजू चंद्रपूरला लागून, उमरखेड मराठवाड्याला लागून. वऱ्हाडीबरोबर इथे गोंडी, कोलामी आणि बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. त्यामुळे व्हिडिओवर तालुक्याचं नाव नसेल, तर त्यातला बोलीचा फरक कुठला, हे नंतर सांगता येणं कठीण.

तुमच्या मोबाइलमध्ये झडती असेल तर

• पूर्ण रेकॉर्ड करा. फक्त टोल्याचा तुकडा नको. आधीची झडती आणि नंतरचा गजरही घ्या.

• रेकॉर्डिंगच्या शेवटी स्वतःच्या आवाजात सांगा: गाव, तालुका, तारीख, म्हणणाऱ्याचं नाव.

• म्हणणाऱ्याला विचारा: ही कोणाकडून शिकलात? तुमची स्वतःची आहे का? अवघड शब्दाचा अर्थ काय?

• मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवताना तिचा दर्जा घटतो. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

• टाकण्याआधी परवानगी घ्या आणि नाव द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादर करणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. झडती त्यानंच रचली असेल तर रचनाकार म्हणूनही त्याचा हक्क आहे.

• टोला कोणावर आहे ते बघा. आखरावर हसून सोडलेली थट्टा लाखो अनोळखी लोकांपुढे गेली की म्हणणाऱ्याला त्रास होऊ शकतो. त्याला ती बाहेर नको असेल तर टाकू नका.

इतकं केलं तर मोबाइलमधला व्हिडिओ करमणुकीपुरता राहत नाही. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, की कापसाच्या भावाबद्दल यवतमाळचा शेतकरी काय म्हणत होता, तर सरकारी आकड्यांच्या शेजारी त्याचा स्वतःचा आवाजही ठेवता येईल, नाव आणि गावासकट.