बाळी हरली, कुडी जिंकली

मावळातल्या परंदवडी गावात एका मुलाचा कान पावसाळा लागला की वाहायचा. रात्री ठणका, सकाळी उशीवर पिवळा डाग, आठवडाभर औषध, आणि पुढची सर्दी आली की पहिले पाढे पंचावन्न. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान असा पिकला आणि पडद्यामागे पाणी साचलेलंच राहिलं, तर डॉक्टर ग्रोमेटचा विचार करतात. इथेही केला. ग्रोमेट म्हणजे कानाच्या पडद्याला बारीक छेद देऊन त्यात बसवायची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची पोकळ नळी. मुलाच्या आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्लास्टिकची कशाला? कानातच घालायची तर सोन्याची करू की. सोनार आहे ना आपला."

सगळे हसले. पण मी घरी येऊन ग्रोमेटची जुनी कागदपत्रं चाळायला बसलो आणि पहिल्याच झटक्यात समोर आलं ते सोनं. १८४५ साली मार्टेल फ्रँक या जर्मन डॉक्टरनं कानाच्या पडद्यात घालायच्या नळीचं वर्णन केलं, ती सोन्याची होती. तेव्हापासून ही कुळकथा माझ्या मानगुटीवर बसली आहे.

आधी यंत्रणा. कर्जतहून गाडी लोणावळ्याला साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते, तेव्हा कानाला दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली किंवा चिक्की चघळली की टक्कन कान मोकळा होतो. हे काम नाकामागून मधल्या कानात जाणाऱ्या नळीचं. गिळताना ती क्षणभर उघडते आणि आतली हवा बाहेरच्या हवेशी जुळवून घेते. लहान मुलांत ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीनं सुजली किंवा मागे अ‍ॅडेनॉइड वाढले की बंद. मग आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात. पोराला घाट चढायची गरजच नाही. त्याचा दडा घरबसल्या बसलेला असतो. नळी उघडत नसेल तर पडद्यातून हवेला दुसरी वाट द्यायची, एवढीच ग्रोमेटमागची कल्पना.

पडद्याला भोक पाडण्याचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे, तो झटपट उरकतो. १६४९ मध्ये फ्रान्सच्या झाँ रिओलाँनं एका माणसाची हकिगत नोंदवली: कानकोरण्यानं कान कोरताना चुकून पडदा फाटला आणि ऐकू यायचं ते उलट सुधारलं. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये एली नावाच्या एका फिरत्या वैदूनं मुद्दाम पडदा टोचला. कानकोरणं आणि फिरता वैदू: शास्त्राची सुरुवात आपल्या फुटपाथवरच्या कानसाफवाल्यापासून फार लांब नाही. मग लंडनचे अ‍ॅस्टली कूपर आले. पडदा छेदून बहिरेपण कमी होतं असे निबंध त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि १८०१ चं कोप्ली पदक मिळवलं. त्यानंतर जो तो ऊठसूट पडदे टोचू लागला. ज्यांच्या बहिरेपणाचं मूळ शिरेत होतं त्यांचेही टोचले. गुण आला नाही, आणि अनेक दशकं ही शस्त्रक्रिया बदनाम झाली. पुढे जर्मनीतल्या हेर्मान श्वार्ट्झेंनी ती नीट निवडक रुग्णांसाठी पुन्हा वर काढली.

बहुतेक इतिहास कूपरना ग्रोमेटचा मूळपुरुष मानतात. मला ते पटत नाही. भोक पाडणं हा शोधच नव्हे. भोक टिकवणं हा शोध. कानाचा पडदा भलता चिवट असतो. कागदापेक्षा फार जाड नसतो, पण छेद दिला की थोड्याच दिवसांत आपोआप सांधतो. भोक बुजलं की आत पुन्हा पाणी. कूपरकडे या दुखण्यावर काहीच उपाय नव्हता. तो ज्यांनी शोधला त्यांचं कूळ ते खरं कूळ.

आणि ही अडचण जगात सगळ्यात आधी कोणाला भेटली? कान टोचणाऱ्याला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय काढून बघा. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात मूल मांडीवर घ्यावं, पाळी उन्हाकडे धरून नैसर्गिक पातळ जागा हेरावी, मुलाचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी टोचावा, पाळी पातळ असेल तर सुईनं आणि जाड असेल तर आरीनं. इतकं झाल्यावर ग्रंथ थांबत नाही. भोकात कापसाची वात घालायची, तेल सोडायचं आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालायची. भोक मोठं करायला पुढे वर्धनक नावाची स्वतंत्र वस्तू. आपल्याकडे मावळात आजही कान टोचले की बाळीआधी कडुनिंबाची काडी घालून ठेवतात, ती याच वर्धनकाची नात असणार असं मी धरून चालतो.

आता युरोपातल्या डॉक्टरांनी काय केलं बघा. फ्रँकच्या आगेमागे पडद्याच्या भोकात आतड्याची दोरी घालून पाहिली, माशाच्या हाडाची काडी घालून पाहिली, शिशाची तार, चांदीचं कडं. १८७४ मध्ये ब्रेस्लाऊच्या फोल्टोलिनींनी सोन्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं कडं थेट पडद्याला चिकटलेल्या हातोडी हाडाच्या दांड्याभोवती अडकवलं. म्हणजे वात, काडी, तार, शेवटी सोन्याची बाळी. क्रम ओळखीचा वाटत नाही? पाळीचं भोक टिकवण्याचा शहाणपणा दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवला, एवढंच. या डॉक्टरांच्या आया-बहिणींच्या कानांतही डूल होतेच. सोनं त्यांनी निवडलं कारण ते गंजत नाही आणि चिघळू देत नाही. ही गोष्ट प्रयोगशाळेआधी सोनाराच्या दुकानात सिद्ध झालेली होती. सोनारानंच कान टोचावेत ही म्हण ब्रेस्लाऊत कोणी ऐकली नसेल, पण वागले मात्र तसे.

इथे एक धोक्याची सूचना. सुश्रुताचं नाव घेतलं की काही मंडळी लगेच सांगतात की कर्णवेध केला असता तर मुलाचा कान वाहिलाच नसता. ग्रंथ स्वतः कर्णवेधाचं कारण रक्षण आणि भूषण असं देतो. पाळीतल्या भोकाचा मधल्या कानातल्या हवेशी काडीचाही संबंध नाही. परंदवडीच्या त्या पोराचे कान बारशानंतर रीतसर टोचलेले होते. मी फक्त भोक टिकवण्याच्या तंत्राचं कूळ सांगतोय, रोगाच्या उपचाराचं नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ते सगळं सोनं-चांदी हरलं. कडी निसटली, तारा गळून पडल्या. फोल्टोलिनींच्याही आधी, १८६८ च्या सुमारास, व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलिट्झर यांनी कडक रबराची छोटी वस्तू केली, तिला मधे खाच आणि दोन्ही बाजूंना काठ. पडदा त्या खाचेत बसायचा. जर्मनमध्ये तिचं नाव बुटाच्या लेसच्या भोकाला बसवतात त्या रिंगेचं. पुढे इंग्रजीत नाव पडलं ग्रोमेट, तेही जहाजावरच्या दोराच्या कड्याचं. म्हणजे विरोधकांच्या मते कूळ चांभाराचं आणि खलाशाचं. सोनाराचा संबंध फक्त धातूपुरता.

मला हे अर्धंच मान्य आहे. कारण सोनाराकडे बाळीखेरीज आणखी एक दागिना असतो: कुडी. पुढे फूल, मागे फिरकी, मधे बारीक दांडी, आणि पाळी दोन्हींच्या मधे पकडलेली. बाळी लोंबते, ओढली जाते, भोक फाडते. कुडी जागच्या जागी राहते. फ्रँक आणि फोल्टोलिनींनी पडद्याला बाळी घातली आणि ती हरली. पोलिट्झरनी कुडी घातली. त्यांनी मराठी कुडी पाहिली होती असा दावा मी करत नाही; दोन काठांत कातडी धरायची युक्ती कान टोचणाऱ्या हरेक मुलखाला ठाऊक होती, एवढंच. फक्त यांच्या कुडीला आरपार भोक हवं होतं.

पोलिट्झरची रिंग मात्र चिकटून बंद व्हायची किंवा निघून जायची, आणि ती मागे पडली. मधे ऐंशीहून अधिक वर्षं गेली. १९५४ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात, बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी व्हिनाइलची नळी वापरून ही पद्धत पुन्हा उभी केली. पुढे शेपर्ड, डोनाल्डसन, पापरेला अशी नावं लागलेल्या नळ्यांची रांगच लागली. टेफ्लॉन, सिलिकॉन, टायटॅनियम.

सोनाराच्या विद्येला न जुमानणारी एक गोष्ट पडद्यात आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. पडद्यावरची त्वचा मधून कडेकडे सतत सरकत असते. कानातला मळ बाहेर येतो तो यामुळेच. ती ग्रोमेटलाही हळूहळू ढकलते आणि सहा ते बारा महिन्यांत बहुधा ते आपसूक बाहेर पडतं. त्यामागे भोक बुजतं. पाळीच्या भोकात काही घातलं नाही तर ते बुजतं. पडद्याच्या भोकात काही घातलं तरी तो ते फेकून देऊन बुजवतो. तोवर मुलाची नाकामागची नळी थोडी वाढलेली असते, हाच तर हिशोब. काहींना दुसऱ्यांदाही घालावं लागतं.

ग्रोमेट असेपर्यंत कानात लसणाचं तेल, आईचं दूध, कसलेही घरगुती थेंब घालू नका. वाट उघडी असते, घातलेलं थेट मधल्या कानात उतरतं. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा पुरतो. नदी-विहिरीतल्या बुडीचं डॉक्टरांना विचारा.

आणि एक विनंती. पाळीच्या भोकात कडुनिंबाखेरीज दुसरं काही घालायची रीत तुमच्या घरी, तुमच्या गावच्या सोनाराकडे असेल, केरसुणीची काडी, मोराच्या पिसाचा दांडा, काहीही, तर गावाच्या नावासकट जरूर कळवा. वर्धनकापासून काडीपर्यंतची वंशावळ मला अजून जुळवायची आहे.