वाघिणीचे दूध आणि न उघडलेली पुस्तके

कल्याण स्थानक सोडून गाडी कर्जतच्या दिशेने वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. ह्या पट्ट्याचा इतिहास सांगणारे अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरापासून प्रारंभ करतात, आयुधनिर्माणी आणि आगपेट्यांच्या कारखान्याकडे वळतात, आणि फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आश्रयाला आलेल्या सिंधी बांधवांपाशी येऊन थांबतात. युद्धकाळातील त्या लष्करी छावणीचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले. कामधंद्याच्या शोधात आलेल्या मराठी, सिंधी, तमिळ, मल्याळी, कोकणी अशा अनेक कुटुंबांनी पुढे ही तिन्ही गावे भरली. बोली निरनिराळ्या असल्या तरी एका गोष्टीवर ह्या साऱ्यांचे एकमत होते: मुलाला इंग्रजी आले पाहिजे. ह्या मुलांच्या हाती इंग्रजी पुस्तक कोणत्या वाटेने आले आणि हाती आल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र इतिहासात फारसा कोणी विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम स्वतःची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी ह्याच पट्ट्यातील एका शाळेत मी इंग्रजी शिकवीत असे. सुटीसाठी मी नववीच्या मुलांना एकेक गोष्टीचे पुस्तक देऊन गृहपाठ सांगितला: पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, मुख्य पात्रे, कथेचा सारांश आणि तात्पर्य. वह्या वेळेवर आल्या. एका मुलाची वही इतकी नीटनेटकी होती की मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. नंतर पुस्तक कपाटात ठेवताना सहज चाळले, तेव्हा लक्षात आले की छापखान्यातून आलेली त्याची पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. ते पुस्तक कोणीही उघडले नव्हते. त्या मुलावर रागावण्याचे माझ्या मनात आले, पण विचार करता दोष माझ्या प्रश्नांचा आहे हे ध्यानी आले. पुस्तक न वाचता ज्यांची उत्तरे देता येतात, असेच प्रश्न मी विचारले होते.

हे प्रश्न मी शोधून काढलेले नव्हते. ते परंपरेने माझ्याकडे आले होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. इंग्रजी ही त्या काळी 'वाघिणीचे दूध' मानली जाई. ते दूध पोटात गेले की नाही हे परीक्षेने तपासावयाचे, म्हणून शाळांनी परीक्षेपुरतेच शिकविणे सुरू केले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडण्यास मदत केली, ह्यात संशय नाही. परंतु तिचे एकक वाक्य होते, पुस्तक नव्हे. एक वाक्य इकडून तिकडे, दुसरे तिकडून इकडे, असा तो अभ्यास.

व्याकरणाच्या बाबतीत तर एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'रेन आणि मार्टिन' ह्यांचे व्याकरणाचे जाडजूड पुस्तक वाचकांपैकी अनेकांनी हाताळले असेल. त्यातील पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते व कराचीच्या एका शाळेचे मुख्याध्यापकही होते. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे, तेव्हा उल्हासनगरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मूळ प्रांताशी ह्या नावाचे असे जुने नाते आहे. ह्याच रेन साहेबांनी १९२४ साली 'बो जेस्त' ही साहसकथा लिहिली आणि ती जगभर आवडीने वाचली गेली. एकाच लेखकाच्या हातून एक पुस्तक आनंदासाठी उतरले आणि दुसरे अभ्यासासाठी. आपल्या वर्गांनी दुसरे घेतले आणि पहिल्याची आठवणही ठेवली नाही.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवावी असे ठरले. पुढे ती पाचवीपासून आली आणि २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून सुरू झाली. ह्या प्रत्येक वेळी मोठे वाद झाले. परंतु सारा वाद कितव्या इयत्तेत प्रारंभ करावा ह्याविषयी होता. शाळा सोडताना मुलाने किती पुस्तके आपणहून वाचलेली असावीत, हा प्रश्न त्यात क्वचितच निघाला.

असा प्रश्न विचारणारा एक शिक्षक मात्र आपल्याच देशात होऊन गेला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ त्या काळच्या बंगालमध्ये, ढाक्याला, शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत. बंगाली मुलांपैकी बहुसंख्य मुले शिक्षण पुरे होण्यापूर्वीच शाळा सोडतात, हे त्यांनी पाहिले. विमा मध्येच सोडला तरी काही रक्कम परत मिळते, तसे अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्याच्याही पदरी इंग्रजीचे काही तरी पडले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. बोलणे चार दिवसांत विसरेल, व्याकरण त्याहून लवकर. पण वाचता येऊ लागले तर ती शिदोरी आयुष्यभर पुरेल. म्हणून पाठ्यपुस्तकाच्या पानापानांवरील नवे शब्द मोजून त्यांनी ते विरळ केले आणि सोप्या शब्दांत गोष्टींची पूरक पुस्तके तयार केली. १९२६ साली त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दहावीनंतर कंपनीत किंवा दुकानात कामाला लागणारी आपल्या वस्तीतील मुले पाहिली की वेस्ट ह्यांचा हा हिशेब मला फार जवळचा वाटतो.

ह्या विचाराची पडताळणी पुढे भारताबाहेर झाली. भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने असलेल्या फिजी बेटांवर १९८०च्या सुमारास वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई ह्यांनी एक प्रयोग केला. पुस्तके जवळजवळ नसलेल्या ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीची मुले त्यांनी निवडली. काही वर्गांत चित्रमय गोष्टींच्या पुस्तकांचा अक्षरशः पूर आणला, तर इतर वर्गांत नेहमीचे धडे चालू ठेवले. गोष्टी वाचणाऱ्या मुलांची वाचनातील व ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. वीस महिन्यांनंतर तर तिचा लाभ भाषेच्या इतर अंगांनाही झालेला दिसला. इंग्रजी ही त्या मुलांचीही घरची भाषा नव्हती, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात शंका येईल की इंग्रजी वाचनाची एवढी गोडी लावली तर मराठीचे काय होणार? इतिहासाचे उत्तर आश्वासक आहे. ज्या पिढीने इंग्रजी खरोखर प्रेमाने वाचली, तिने ते प्रेम मराठीच्या ओटीत घातले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी इंग्रजीवरूनच मराठीत आणल्या. आगरकरांनी 'हॅम्लेट' वाचला आणि १८८३ साली 'विकारविलसित' दिले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीला धोका इंग्रजी वाचणाऱ्याकडून नाही. कोणत्याच भाषेत काही न वाचणाऱ्याकडून आहे. आज आपल्या पट्ट्यातील अनेक मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, पण घरी ना इंग्रजी पुस्तक असते ना मराठी. ही खरी चिंतेची बाब होय.

मग वाचनाची गोडी लागते तरी कशी? मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचीत बसे. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनी त्याला हेरले, चौकशी केली, वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्कारप्रसंगी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. वास्तविक तो केळुसकरांच्या शाळेचा विद्यार्थीही नव्हता. त्या पुस्तकाचा सारांश त्यांनी मागितला नाही, तात्पर्यही विचारले नाही. माणूस ओळखून पुस्तक दिले, एवढेच.

गृहपाठ देणाऱ्या शिक्षकाला एवढे जमण्यासारखे आहे. त्या न उघडलेल्या पुस्तकानंतर मी माझा गृहपाठ बदलला. पुस्तके टेबलावर मांडून ठेवली. ज्याला जे हवे ते त्याने उचलावे. वीस पाने वाचून आवडले नाही तर परत करावे, त्यात कमीपणा नाही. लिहावयाचे ते अर्धे पान, मित्राला पत्र म्हणून: हे पुस्तक तू वाचावेस की नाही, आणि का? इंग्रजी शब्द अडला तर तेथे मराठी लिहिण्यास मोकळीक. आठवड्यातील एक तास वर्गात नुसते वाचन. त्या तासाला मीही खुर्चीवर बसून माझे पुस्तक वाचीत असे. सर वाचतात हे पाहणे मुलांना नवीन होते.

चमत्कार झाला असे म्हणणार नाही. चुका पुष्कळ होत्या आणि काही मुले त्या तासाला खिडकीबाहेरच पाहत. परंतु नऊ गुण मिळविणारा तो मुलगा एके दिवशी कोपरे दुमडलेले, चहाचा डाग पडलेले पुस्तक घेऊन आला. डागाबद्दल त्याने क्षमा मागितली आणि विचारले, "फादर, ह्याचा पुढचा भाग आहे का?" त्या दिवशी त्याच्या वहीला मी गुण दिले नाहीत; त्यांची आवश्यकता उरली नव्हती.

आपल्या परिसरात पुस्तकांची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, आणि बदलापुरात श्याम जोशी ह्यांनी 'ग्रंथसखा' हे वाचनालय मोठ्या निष्ठेने उभारले. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. कलाम ह्यांचा जन्मदिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फलकावर सुविचार लिहून थांबण्यापेक्षा प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक पालकाने एका मुलाला ओळखून एक पुस्तक द्यावे. ते परत आले की सारांश विचारू नये. पाने चिकटलेली आहेत की कोपरे दुमडलेले आहेत, तेवढे पाहावे.