जंजिरा कुणाचा?

शिराळ्यात 1689 हे साल कुणाला शिकवावं लागत नाही. संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना मोगल फौज बहादूरगडाकडे घेऊन जात होती. वाटेत तिचा मुक्काम आमच्या भुईकोटात पडला आणि महाराजांना सोडवण्याचा एक प्रयत्न तिथं झाला, पण तो फसला. ही परंपरेनं चालत आलेली हकीकत गावातलं शाळकरी पोरगंही सांगतं. त्याच संभाजी महाराजांनी सात वर्षं आधी, 1682 च्या सुरुवातीला, एका बेटापर्यंत पोचण्यासाठी समुद्रात भराव घालायला घेतला होता. याची चर्चा मात्र आमच्याकडं फारशी होत नाही. ते बेट म्हणजे मुरूडजवळचा जंजिरा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्र ते बघायला गेलो. मध्यरात्री शिराळा सोडलं. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, महाड, माणगाव करत दिघीला पोचलो आणि तिथून जंगल जेट्टीनं खाडी ओलांडली. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाची होडी मिळाली. होडीत बसता बसता एक मित्र हसत म्हणाला, "काय भाई, आज तुमच्या किल्ल्यावर चाललोय म्हणायचं!"

त्यानं हे मनात काही ठेवून म्हटलं नव्हतं. आम्ही पहिलीपासूनचे दोस्त. पण त्या 'तुमच्या' शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. शाळेत अफजलखानाचा धडा आला की वर्गातल्या माना माझ्याकडं वळायच्या. माझ्या घराण्याकडं पिढ्यान् पिढ्या मुलाणकी होती. म्हणजे इतर बलुतेदारांसारखे आम्हीही गावगाड्यातलेच. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींशी आमचं नातं जोडायचं तर ते फक्त कलम्याचं. तेवढ्यावर किल्ला माझ्या नावावर चढतो का? या प्रश्नाचं उत्तर भावनेनं देण्यापेक्षा इतिहासाला विचारलेलं बरं.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला. अर्थ सरळ आहे, बेट. या बेटावर पहिली तटबंदी सिद्दींनी बांधली नाही. पंधराव्या शतकात इथल्या कोळ्यांनी चाच्यांपासून बचावासाठी लाकडी मेढेकोट उभारला होता. त्यांचा मुखिया राम पाटील निजामशाही ठाणेदाराला जुमानेना. तेव्हा पिरमखान व्यापाऱ्याच्या वेशात आला, कोळ्यांना दारू पाजली आणि बेट घेतलं, अशी परंपरा सांगतात. म्हणजे पुढं 'अजिंक्य' म्हणून गाजलेलं हे ठिकाण मुळात कपटानं घेतलेलं. आज दिसतो तो दगडी कोट त्यानंतरचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात त्याची उभारणी झाली.

सिद्दींना हबशी म्हणतात. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख. त्यांतले अनेकजण गुलाम म्हणून विकले जात दख्खनेत आले. मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत थोर. अनेकदा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांशी लढत राहिला. 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे होते आणि समोर मोगल व आदिलशाही फौजा होत्या. एका मुसलमान हबशाच्या खांद्याला खांदा लावून एक मराठा सरदार दोन मुसलमान सत्तांशी लढला. धर्माच्या चौकटीत ही लढाई कशी बसवणार?

पुढचं प्रकरण तर अधिकच बोलकं आहे. 1670 च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांच्या वेढ्याला कंटाळला आणि किल्ला त्यांच्या हवाली करायला तयार झाला. त्याच्याच हबशी सरदारांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी पत्करली. त्यांतला सिद्दी कासम पुढं याकूतखान या किताबानं ओळखला गेला. त्यानं 1671 साली होळीच्या रात्री मराठ्यांकडून दंडाराजपुरी घेतली. 1679 मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेट बांधायला घेतलं, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी एका बाजूला होते. मराठ्यांकडून बेटावर मायनाक भंडारी आणि आरमारावर दौलतखान. सिद्दी मुसलमान आणि दौलतखानही मुसलमान. खांदेरी स्वराज्यात राहिली, त्यात या दौलतखानाचा वाटा मोठा. बरं, दहा वर्षांनी त्याच याकूतखानानं त्याच इंग्रजांच्या मुंबईला वेढा घातला आणि 1690 पर्यंत त्यांना जेरीस आणलं. कालचे दोस्त आज दुश्मन झाले. यात दीनधर्म शोधणाऱ्याला फक्त बंदरं, जकात आणि जहागिरी सापडतात.

संभाजी महाराजांच्या भरावाचं काय झालं? काम चालू असतानाच मोगल फौज कल्याणकडं उतरली आणि महाराजांना माघारी फिरावं लागलं. किनाऱ्यावरून पाहिलं तर बेट हाताच्या अंतरावर वाटतं. होडी निघाली की पाण्याचा जोर कळतो. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे तलाव, तटावर कलालबांगडीसारख्या तोफा आणि मागच्या बाजूला समुद्रात उतरणारा दर्या दरवाजा. ज्याच्याकडं गोडं पाणी आहे आणि ज्याच्या आरमाराला समुद्र मोकळा आहे, त्याची रसद तोडणार कशी? किल्ला टिकला तो या कारणांनी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्याकडं काही मुसलमान मित्र जंजिऱ्याचं नाव निघालं की छाती फुगवतात. त्यांनी 1727 आठवावं. त्या साली सिद्दी सातनं चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं, उद्ध्वस्त केलं. कोकणच्या रयतेनं सिद्दींच्या धाडींचा जाच पिढ्यान् पिढ्या सोसला. हे लपवून आपला इतिहास उजळ होत नाही. 1736 मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजीअप्पांनी सिद्दी सातला मारलं. पण याच मोहिमेच्या काळात जंजिऱ्याच्या गादीसाठी मराठ्यांनी पाठिंबा दिला तो सिद्दी अब्दुल रहमानला. म्हणजे मराठ्यांचं भांडण सरसकट सगळ्या सिद्दींशी नव्हतं.

त्यानंतरही हे संस्थान टिकलं. त्यातली बहुसंख्य प्रजा हिंदू होती. 1948 साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशव्यांना जो किल्ला लढून घेता आला नाही, तो कागदावरच्या सहीनं लोकांचा झाला.

मागच्या बुरुजावर उभं राहिलं की समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो. तो पद्मदुर्ग, कोळ्यांचा कांसा. जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी बांधलेला. त्याच्याशी लाय पाटील या कोळ्याचं नाव जोडलेलं आहे. रात्रीच्या अंधारात यानं जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची कुमक वेळेवर पोचली नाही. महाराजांनी पालखी देऊ केली, तेव्हा दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यानं ती नाकारली. मग 'पालखी' नावाचं गलबत बांधून त्याला देण्यात आलं, असं सांगतात. राम पाटील कोळी, लाय पाटीलही कोळी. बेट मुळात कुणाचं, असा हट्टच धरला तर पहिला हक्क त्यांचा निघतो.

तिथंच बुरुजावर मी मित्राला दौलतखानाबद्दल सांगितलं. त्यानं ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. "हे आम्हाला शाळेत का नाही रं सांगितलं?" त्यानं विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं. सिद्दी कासमच्या विजयाचं श्रेय मला नको आणि सिद्दी सातच्या लुटीचा जाबही माझ्याकडं मागू नये. दौलतखानही माझा एकट्याचा नाही. तो संभाजी महाराजांसाठी आजही हळहळणाऱ्या शिराळ्यातल्या प्रत्येकाचा आहे. तुम्ही कधी जंजिऱ्याला गेलात, तर तिथल्या गाइडला तोफांची नावं विचारा. सोबत खांदेरीच्या दौलतखानाचं नावही विचारा. चार जणांनी विचारलं, तर पाचव्याला तो ते न विचारता सांगेल.