ह्यूमसाहेबांच्या नांग्या

करवंदाची वई लावून दोन पावसाळे झाले, पण तिला वई म्हणायची अजून सोय नाही. रावेरच्या मळ्यात, केळीच्या वरच्या अंगाला, दीड-दीड फुटावर रोपं लावली. काही कमरेला लागलीत, काही वीतभरच आहेत आणि सात ठिकाणी नुसती नांगी, रोप मेल्यानं पडलेली मोकळी जागा. मी खुरटलेल्यांना शेणखत घालत बसलो, तर कामाला येणारे नाना म्हणाले, "सर, आधी या धटिंगणांचे शेंडे मारा. यांची सावली हटली की बारकी आपोआप उठतील."

शेंडा मारायला जीव होत नाही, हे खरं दुखणं. पण उंच गेलेलं करवंद बुडाशी उघडं पडतं आणि बकरी बुडातूनच शिरते. गुडघ्याखाली छाटलं की बगलफूट निघते, फांद्या आडव्या पसरून शेजारच्या रोपाला भिडतात.

मी इतिहासाचा मास्तर. तीस वर्षं मिठाचा सत्याग्रह शिकवला, पण मिठासाठी इंग्रजांनी याच करवंदाची वई लावली होती हे मला निवृत्तीनंतर कळलं. सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैलांहून लांब जकातीची रेषा होती. तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसांचा पहारा आणि मोठ्या भागात काटेरी कुंपण, तेही थेट बुऱ्हाणपूरपर्यंत. म्हणजे आमच्यापासून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर! १८६९ नंतर मुंबई इलाख्यात मणभर मिठावर कर होता १ रुपया १३ आणे, उत्तरेत ३ रुपये. खानदेश मुंबई इलाख्यात, बुऱ्हाणपूर मध्य प्रांतात. इकडचं स्वस्त मीठ तिकडे जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी होती ती वाळक्या काट्यांची वई. मैलाला २५० टन काट्या लागत आणि त्या काही ठिकाणी सहा मैलांवरून ओढून आणाव्या लागत. वाळवी खाई, वणवा जाळी, वावटळ उडवून नेई. दरवर्षी निम्मी वई नव्यानं घालावी लागे. १८६७ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम जकात खात्याचा आयुक्त झाला. पक्ष्यांचा मोठा अभ्यासक माणूस. वाळकं कुंपण त्याला परवडेना, म्हणून त्यानं जिवंत कुंपणाचं मनावर घेतलं. तेव्हा जिवंत कुंपण म्हणून जागेवर जे होतं त्याचं वर्णन वाचताना मला माझाच मळा दिसला: वर्षानुवर्षं वीतभर राहिलेली रोपं आणि मध्येच कुठंतरी एकटं झुडूप.

यापुढचं ह्यूमचं काम मला अधिकाऱ्यापेक्षा माळ्याचं वाटतं. कोणत्या मातीत आणि किती पावसात काय जगतं, हे त्यानं देशी काटेरी झाडं लावून पाहिलं. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंगाचे प्रकार. हिसारकडे दुसरं काहीच येईना तिथं फड्या निवडुंग, काही ठिकाणी बांबू. माती हलकी तिथं ती उपसून चांगली भरली. पुराच्या भागात बांध घालून त्यावर लावण केली, पावसाचं पाणी धरायला चर खणले. कुंपण दाट झालं तसे त्यात उंदीर माजले, म्हणून मांजरंही सोडली म्हणे. १८७० मध्ये तो गेला तेव्हा सुमारे ४४९ मैल कुंपण अभेद्य म्हणण्याजोगं झालं होतं. इतकं चांगलं माळीकाम इतक्या वाईट कामासाठी झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

हाच ह्यूम १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेस भरवायला पुढे होता. वर्गात त्याचं नाव मी पन्नासदा तरी फळ्यावर लिहिलं असेल. करवंदाचा उल्लेख एकदाही नाही.

१ एप्रिल १८७९ ला ही रेषा उठली. दया आली म्हणून नव्हे, तर प्रांतांतल्या करांतली दरी कमी केल्यावर पहाऱ्याचा खर्च फुकट जाणार होता. त्या हिशेबात उत्तरेचा कर उतरला आणि आमच्या मुंबई इलाख्याचा १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर चढला. वई गेली, खानदेशाचं मीठ मात्र महागलं.

पुढं लोक ती विसरलेच. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकानं जुने नकाशे घेऊन शोधाशोध केली, तेव्हा १९९८ मध्ये चंबळच्या परिसरात त्याला तिचा एक तुकडा सापडला. बुऱ्हाणपूरला जाताना मीही गाडीच्या खिडकीतून बघतो. बाभळी दिसतात, बोरी दिसतात, पण त्या कुठंही दिसतात.

या जूनमध्ये नांग्या भरल्या. दोन्हीकडच्या मुळ्या नव्या रोपाचं खाऊन टाकतात, म्हणून हातभर खड्डा घेऊन मुळ्या तोडल्या आणि नदीचा पोयटा भरला. सहा लागल्या. सातवीतलं करवंद तिसऱ्यांदा मेलं. नाना म्हणाले, "सर, हट्ट सोडा. तिथं बोर लावा."

काल बोराचं रोप आणलं.