हार्टफर्डचा लू लुईस

लू गेरिगचे चरित्र आपण बहुधा शेवटाकडून मागे वाचत जातो. सलग २,१३० सामने, मग स्नायू निकामी करणारा तो आजार, ४ जुलै १९३९ चे निरोपाचे भाषण आणि १९४१ मध्ये सदतिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. या शेवटाच्या प्रखर उजेडात विद्यार्थी गेरिग दिसेनासा होतो. आम्हांला मात्र तोच अधिक बोलका वाटतो.

जर्मन स्थलांतरितांच्या चार मुलांपैकी जगलेला हा एकटाच. जून १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमर्स हायस्कूलचा संघ शिकागोला लेन टेक शाळेविरुद्ध खेळला. शेवटच्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना सतरा वर्षांच्या गेरिगने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावला. हे मैदान शाळेचे नव्हे, व्यावसायिक संघाचे होते. आज ते रिग्ली फील्ड म्हणून ओळखले जाते.

पुढे कोलंबिया विद्यापीठ. मराठी वाचकाला ते डॉ. आंबेडकरांमुळे (१९१३–१६) परिचित आहे. गेरिग तिथे आला तो अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. आई तिथल्याच विद्यार्थ्यांच्या एका निवासात स्वयंपाक करी, आणि मुलगा त्याच घरात ताटे वाढी. १९२१ च्या उन्हाळ्यात हा मुलगा हार्टफर्डच्या व्यावसायिक संघाकडून पैसे घेऊन बारा सामने खेळला, 'लुईस' या नावाने. बिंग फुटले आणि विद्यापीठाच्या खेळातले एक वर्ष बुडाले. साहित्यात केशवसुतांसारखे टोपणनाव प्रतिष्ठेचे ठरते. इथे दुसरे नाव लबाडीचा पुरावा ठरले. नियम मोडला हे खरेच. पण खेळाडूने 'हौशी'च राहावे असे सांगणारा तो नियम, घरखर्च दुसरे कोणीतरी भागवते हे गृहीत धरूनच लिहिलेला होता. स्वयंपाकिणीच्या मुलाला हौस परवडावी कशी?

१८ एप्रिल १९२३ रोजी ब्रॉन्क्समध्ये यांकी स्टेडियमचे उद्घाटन झाले. हजारोंच्या गर्दीपुढे बेब रूथने होमरन मारला. त्याच दुपारी कोलंबियाच्या मैदानावर, मोजक्या प्रेक्षकांपुढे, गेरिगने विल्यम्स कॉलेजचे सतरा फलंदाज स्ट्राइकआऊट केले. कोलंबिया तरीही हरले! पण यांकीजचा पारखी पॉल क्रिचेल याच्या नजरेत भरली ती त्याची गोलंदाजी नव्हे, फलंदाजी. महिनाअखेर करार झाला आणि पदवी कायमची राहून गेली.

त्याच उन्हाळ्यात यांकीजने त्याला सरावासाठी पाठवले ते हार्टफर्डलाच. एकोणसाठ सामन्यांत त्याने चोवीस होमरन मारले. या वेळी धावफलकावर नाव होते गेरिग.