कांद्याची वाट

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. बोटीवर नोकरीला असतो. आमच्या निफाड तालुक्यातले पोर बोटीवर गेले याचेच मला अजून नवल वाटते. चहा घेता घेता म्हणाला, "सर, कोलंबोत मोठ्या कांद्याला काय म्हणतात सांगा बरं? बॉम्बे लूनु. म्हणजे मुंबईचा कांदा. अन् इंडोनेशियात गेलं तर बावांग बॉम्बाय!"

मला हे माहीत नव्हते. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच शब्दाचा विचार करत राहिलो. मुंबईत कुठला आलाय कांदा? तो ज्या बंदरातून बोटीत चढला त्या बंदराचे नाव त्याला चिकटले आणि ज्या वाफ्यात तो वाढला त्या गावाचे नाव समुद्रापलीकडे पोचलेच नाही. मी चौतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. आमच्या पुस्तकांत धरणांचा धडा असे, कालव्यांचा नकाशा असे. पण शेतातून निघालेला माल पुढे कोणत्या वाटेने जातो आणि त्या वाटेवरची दारे कोणाच्या हातात असतात, हा धडा कधी नव्हता. मीही तो कधी शिकवला नाही. त्याची किंमत पुढे माझ्याच घरात मोजावी लागली. ते ओघात येईलच.

आधी पाण्याचे सांगतो.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, बागलाण-कळवणकडे आणि पुढे धुळ्याच्या अंगाला, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर जुने बंधारे आहेत. तिथे तीन-चारशे वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठाले भाग पाडायचे, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकाच जातीचे पीक घ्यायचे आणि पिकांची पाळी वर्षावर्षाला बदलायची. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकावर नजर ठेवायचा. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी ओलिताचे क्षेत्र सगळ्यांनी मिळून कमी करायचे. एकाचे हिरवे आणि दुसऱ्याचे करपलेले असे चालायचे नाही. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्यात नोकरीला लागले तेव्हा त्यांचे सुरुवातीचे काम पांझरेच्या पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे होते. एवढा मोठा माणूस, पण त्याच्याही आधी तिथे पाट वाहत होतेच.

आमच्या निफाडकडे कालवे आले ते इंग्रजी अमदानीत. दुष्काळाने होरपळलेल्या मुलखाला आधार म्हणून गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, त्यावरून दोन्ही तीरांनी कालवे निघाले, आणि वरच्या अंगाला १९१६ मध्ये दारणा धरण पुरे झाले. (नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. दुर्बिणी घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना हे पाणी पक्ष्यांसाठी नव्हे, पिकांसाठी अडवले होते हे सांगावे लागते. पक्षी मात्र सुरेख असतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.)

कालव्याचे पाणी खाली कोपरगावकडे पुष्कळसे उसाने प्यायले. कांद्याला खरा आधार दिला तो विहिरींनी. कालव्याचा पाझर विहिरींना लागला. मोट गेली, ऑइल इंजिन आले, मग विजेची मोटार आली. आणि तेव्हा कुठे उन्हाळ कांदा मोठ्या प्रमाणावर घेता येऊ लागला. शहरी वाचकांना सगळे कांदे सारखेच वाटतात म्हणून सांगतो. पावसाळी लाल कांदा दिवाळीच्या सुमारास निघतो, पण टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. त्याच्यामागून रांगडा येतो. उन्हाळ कांद्याचे रोप डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि तो मार्च अखेरीपासून निघतो. ऐन कोरड्या दिवसांत त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते, अशी बारा-पंधरा पाणी. काढणीआधी पाणी तोडायचे, निम्म्या माना पडल्या की काढायचा, पातीसकट सुकवायचा, मग खांडून चाळीत भरायचा. असा कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. म्हणजे ज्याच्या विहिरीला चैत्रापर्यंत पाणी, त्याच्यापाशी आज विकायचे की थांबायचे हे ठरवण्याची मोकळीक आली. बापजाद्यांना ती कधी नव्हती.

मी १९७४ साली इथल्या शाळेत रुजू झालो. पौषात वर्ग अर्धा रिकामा असे. हजेरी घेताना विचारले, "कुठे रे तो?" की मागच्या बाकावरून उत्तर यायचे, "सर, कांदे लावायला!" फी कांदे विकल्यावर यायची. ती कधी यायची, कधी नाही.

पाण्याच्या बाबतीत आमच्या लोकांनी पुढे फार चांगले काम केले. ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात १९९०-९१ च्या सुमाराची. ही गावे कालव्याच्या शेपटाला, म्हणजे पाणी कागदावर मंजूर आणि पाटात खडखडाट. संस्थांनी पाणी मोजून घेतले, मोजून वाटले, जास्तीचे बाणगंगेच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या. हळूहळू सगळा प्रकल्पच चोवीस संस्थांच्या हाती आला. ज्या रानात बाजरी कशीबशी यायची तिथे द्राक्षे आणि भाजीपाला उभा राहिला. २००५ मध्ये राज्याने पाणीवापर संस्थांसाठी कायदा केला, त्याच्यामागे या अनुभवाचा वाटा मोठा होता. फडाचीच रीत, नव्या कपड्यांत. मी मुलांची सहल तिथे नेली होती. परतताना मी त्यांना सांगितले की आता शेतकऱ्याचे नशीब त्याच्या हातात आले. अर्धेच खरे होते ते.

कारण वाटेचा इतिहास वेगळा आहे.

१८६५ मध्ये रेल्वेने कसाऱ्याचा घाट ओलांडला आणि निफाड, लासलगाव ही गावे मुंबई बंदराला जोडली गेली. माल बाहेर जाऊ लागला, पण भाव कोण ठरवणार? जुन्या बाजारांत हत्ता पद्धत चाले. रुमालाखाली दलाल आणि व्यापारी बोटे दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघायचा. १९३९ च्या मुंबई कायद्याने या प्रकाराला आळा घालायला सुरुवात झाली आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी, लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. आता लिलाव उघड्यावर, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होतो. हे पहिले दार उघडले. अडते-व्यापाऱ्यांच्या तक्रारी आजही आहेत, पण मी रुमालाच्या गोष्टी ऐकल्या आहेत, म्हणून समितीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत मी नाही.

दुसऱ्या दाराशी मात्र रक्त सांडले. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे ऊस-कांदा आंदोलन आमच्या जिल्ह्यात पेटले. उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव ही मागणी. रस्ते अडले, रेल्वे अडली. खेरवाडीला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दोन शेतकरी गेले. आमची शाळा त्या दिवसांत बंद होती. उघडल्यावर नववीच्या वर्गात मी चंपारण्य शिकवत होतो आणि एका मुलाने विचारले, "सर, खेरवाडीचं पुस्तकात येणार का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

तिसरे दार देशाच्या सीमेवर आहे. कांद्याची मोठी गिऱ्हाइके आपल्या आसपासचीच: बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, मलेशिया, आखाती देश. आपल्यासारखीच रोजच्या भाजीला कांदा घालणारी माणसे. पूर्वी बरीच वर्षे ही निर्यात नाफेडमार्फत होई. नंतर व्यापारी उतरले, पण किल्ली दिल्लीतच राहिली. शहरात भाव चढला की निवडणुकीची भीती, आणि भीती वाटली की निर्यातबंदी. ती भीती खोटी नव्हे. १९९८ मध्ये कांद्याने दिल्लीचे सरकार घालवले असे लोक म्हणतात. पुण्यात राहणारी माझी मुलगी किलोला ऐंशी रुपये मोजते तेव्हा तिचेही खरेच असते, आणि तिच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे तर त्याहून खरे.

पण शेजाऱ्याला न सांगता दार लावायचे, याला काय म्हणावे? २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी आली. त्या ऑक्टोबरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे, असे त्या भर सभेत हसत म्हणाल्या आणि पुढच्या वेळी आधी कळवा, अशी विनंती त्यांनी केली. नोव्हेंबरात ढाक्याला कांदा किलोला अडीचशे टक्यांवर गेला; इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा विमानाने आणावा लागला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, टाळेबंदीत ट्रक अडले म्हणून लासलगावहून मालगाडीने बांगलादेशला कांदा गेला तेव्हा आम्हांला केवढा आनंद झाला होता! आणि १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा अचानक बंदी. सीमेवर ट्रकांच्या रांगा, आत सडणारा माल.

हा खेळ आपणच खेळतो असेही नाही. डिसेंबर २०१० मध्ये आपल्याकडे भाव भडकले तेव्हा पाकिस्तानचा कांदा वाघा सीमेवरून आला, आणि जानेवारीत त्यांनीही ती वाट बंद केली. बांगलादेशही आपल्या शेतकऱ्याचा कांदा निघाला की आयातीचे परवाने थांबवतो. आणि आता तर तिथल्या सरकारने पावसाळी कांद्यासाठी आपल्या शेतकऱ्यांना जे बियाणे वाटले, त्यात आपल्या नाशिकचे एन-५३ वाण होते. आमचेच उळे त्यांच्या वाफ्यात. गिऱ्हाईक कंटाळले की शेतकरी होते. यात रागावण्यासारखे काही नाही, फडावरच्या कुणाही शहाण्या माणसाने हेच केले असते. बोटीवरच्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले, बंदीच्या काळात कोलंबोवाले काय खात होते? म्हणाला, "पाकिस्तानचा, चीनचा. पण नाव बॉम्बेच हं सर!"

आता घरचे. माझा धाकटा भाऊ शेती बघतो. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने चाळीत दीडशे क्विंटल कांदा भरला. जुलैअखेर त्याने विचारले, "दादा, काढू का?" मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस. म्हटले, थांब, गणपतीपर्यंत चढेल. १९ ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी, निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागल्याची बातमी आली. सोमवारपासून लिलाव बंद. चाळीत पावसाळी हवेने कांदा घाम धरू लागला होता. बाजार उघडल्यावर मी म्हटले, आता विकून टाक, अजून पडेल. त्याने विकला. दिवाळीच्या तोंडावर भाव दुपटीच्या आसपास गेले! मग त्याने लाल कांद्यावर आशा ठेवली, आणि तो निघायच्या वेळी, डिसेंबरात, पूर्ण बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलेच. सप्टेंबरात ते २० झाले आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेले. तोवर भावाच्या धाकट्या मुलाने इंजिनिअरिंगचा नाद सोडून नाशिकला एका दुकानात नोकरी धरली होती. मी माझ्या पेन्शनमधून फी देतो म्हणालो. भावाने ऐकले नाही. "तुमचा दोष नाही दादा," एवढेच म्हणाला. २०१८ साली आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते. तेव्हा मला तो जरा नाटकीपणा वाटला होता. आता वाटत नाही.

हल्ली भाऊ मला भावाचे काही विचारत नाही. रोप टाकले की मात्र बघायला नेतो. बांधावर खुर्ची टाकून देतो, आणि पाण्याची पाळी, विहिरीची पातळी, ठिबकच्या नळ्या यांविषयी बोलत राहतो.