मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वे

मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वे : वांद्रे-कुर्ला संकुल ते साबरमती असा ५०८ किमी. लांबीचा, फक्त प्रवासी वाहतुकीसाठी आखलेला व बांधकाम चालू असलेला लोहमार्ग. बोलण्यात ‘बुलेट ट्रेन’. यातील सुमारे १५६ किमी. महाराष्ट्रात, ३४८ किमी. गुजरातेत आणि चार किमी. दादरा व नगर हवेलीत येतात. बारा स्थानकांपैकी मुंबई, ठाणे, विरार व बोईसर ही चार महाराष्ट्रातली. गाडीचा वेग ताशी ३२० किमी. राहील, मोजके थांबे घेतल्यास प्रवास दोन तास सात मिनिटांचा, सर्व थांबे घेतल्यास तीन तासांच्या आत.

डिसेंबर २०१५ मध्ये भारत व जपान यांच्यात करार झाला, २०१६ मध्ये राष्ट्रीय हायस्पीड रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत नरेंद्र मोदी व शिंझो आबे यांच्या हस्ते पायाभरणी झाली. मूळ अंदाज १.०८ लाख कोटी रुपयांचा. त्यातील ८१ टक्के रक्कम ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीच्या जपानी कर्जातून यायची होती.

नियोजनातला कळीचा निर्णय वेगाचा नव्हे, रुळांच्या रुंदीचा. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी., तर हा मार्ग १,४३५ मिमी.चा. फ्रान्समध्ये १९८१ पासून धावणाऱ्या टीजीव्ही या अतिजलद गाडीचे रूळ जुन्याच मापाचे, त्यामुळे ती पॅरिसच्या जुन्या स्थानकात सरळ शिरते. जपानचे जुने रूळ अरुंद असल्याने शिनकान्सेन या अतिजलद रेल्वेला स्वतंत्र मार्ग आणि शिन-ओसाकासारखी नवी स्थानके बांधावी लागली. आपण जपानच्या वाटेने गेलो. अहमदाबादेत नवे स्थानक जुन्या फलाटांच्या डोक्यावर बसवता आले. पण सुरतेचे अंत्रोली गावी आणि ठाण्याचे म्हातार्डीला गेले. रुळांवर वाचवलेली मिनिटे रिक्षात खर्ची पडणार असतील, तर घड्याळाचा हिशेब घरापासून घरापर्यंत मांडायला हवा. जाहिरातीतला आकडा फलाटापासून फलाटापर्यंतचा असतो.

वांद्रे-कुर्ला संकुलातील स्थानक मार्गावरचे एकमेव भूमिगत. त्यासाठी सुमारे ३२ मी. खोल, म्हणजे दहा मजली इमारत मावेल असा खड्डा घेतला गेला. तेथून शिळफाट्यापर्यंत २१ किमी.चा बोगदा असून त्यातील सात किमी. ठाणे खाडीच्या तळाखालून जातात. रोहित पक्ष्यांचे अभयारण्य व खारफुटी यांना धक्का कमी लागावा, हा त्यामागचा हेतू. तरीही अन्यत्र खारफुटी तोडावी लागणार होती. त्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. बोगद्यापलीकडचा मार्ग बहुतांशी खांबांवरून जातो. चाळीस मीटर लांबीची, सुमारे ९७० टन वजनाची काँक्रीटची अखंड तुळई आवारात ओतून, वाहून आणून दोन खांबांवर ठेवली जाते.

भूसंपादन पालघर जिल्ह्यात अडले. आदिवासी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, चिकूच्या बागायतदारांनी मोजणीला हरकत घेतली. बागेची भरपाई ठरवणे मोकळ्या शेतापेक्षा किचकट असते, कारण सातबारा जमीन दाखवतो, पण झाडाची पुढची वर्षे दाखवत नाही. विक्रोळीतील भूखंडाचा वादही न्यायालयात गेला. संपादनाविरुद्धची याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली गेली.

मूळ उद्दिष्ट २०२३ पर्यंत काम संपवण्याचे होते. त्या वर्षी गुजरातेत खांबांवर तुळया चढत होत्या, मुंबईत खड्डा खणायची तयारी चालू होती.